लिफ्ट दाराची वाट बघत नाही

दार ओढून घ्यायला मी हात पुढे केला आणि लिफ्ट निघाली. जाळीचं, घड्यांचं, रोज सकाळी कुरकुरणारं आमचं ते दार बाजूला गोळा होऊन तसंच उभं राहिलं आणि मी दुधाची पिशवी पोटाशी धरून वर चालले. तळमजला पायांखालून निसटला, चौकटीचं वरचं लाकूड कपाळासमोरून, मग हनुवटीसमोरून खाली गेलं. माझ्या चपलेचं टोक बाहेर होतं, ते मी कधी आत घेतलं मला कळलंच नाही. मग नुसती भिंत. इतकी वर्षं ह्या भिंतीला लागून मी वर-खाली केलंय आणि ती कधी धड बघितली नव्हती. सिमेंटचे ओघळ, एका विटेवर कुणा गवंड्याच्या बोटांचे ठसे, कोळ्याचं जाळं, आणि सगळं इतकं जवळ की जीभ काढली असती तर चव कळली असती. मला आधी हसू आलं. खोटं कशाला लिहू, हसूच आलं, कारण मागच्या महिन्यापासून मला सगळ्याचंच हसू येत होतं, आरशात बघितलं तरी, रस्ता ओलांडला तरी. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, मुख्याध्यापिका मला नावाने हाक मारायला लागल्या होत्या आणि मी बोलायला उभी राहिले की लोक गप्प बसतात हे मला नुकतंच कळलं होतं. हसू थांबलं ते दुसऱ्या मजल्यापाशी. दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही. हलूच शकत नाही. हे मला आमच्या घरातलं मीठ कुठे असतं तितकं ठाऊक होतं, कारण ही लिफ्ट माझे बाबा सांभाळतात.

पाचव्या मजल्यावर ती थांबली. समोर तिथे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाई हातात छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनीच वरून बटण दाबलं होतं. "दार का लावलं नाहीस? बक्षीस मिळालं म्हणून शिस्त सोडायची का?" मी म्हटलं, "बाई, आत येऊ नका. लिफ्ट बंद आहे." "बंद कशी? तू तिच्यातूनच आलीस ना?" "आले, पण बंद आहे." "मग मी काय जिन्याने उतरू? माझे गुडघे काय तुझ्या बापाने दिलेत?" एरवी मी ह्यावर फस्स्‌कन हसले असते. त्या दिवशी मी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि व्यासपीठावर वापरते तो आवाज काढला. "बाई, उतरा जिन्याने." त्या उतरल्या. जाताना काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक माझ्याबद्दल, बहुतेक खरं. मी दार नीट ओढून लावलं, पण आता त्या दाराला काही अर्थ उरला नव्हता, आणि हे त्या इमारतीत मला एकटीलाच माहीत होतं.

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं दाराला फसवतात. म्हणजे असं, की दाराला एक छोटा कॉन्टॅक्ट असतो, दार नीट लागलं की तो जुळतो आणि मगच मोटरला वीज मिळते. दुरुस्ती करताना मात्र दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघावी लागते, तेव्हा वर मशीन रूममध्ये पॅनेलवर एक तार लावतात, जंपर म्हणतात तिला. तार लावली की लिफ्टला वाटतं दार लागलंय. काम झालं की तार काढायची. ती काढायची राहिली तर आपण लिफ्ट समजून पाऊल टाकतो आणि खाली असतो नुसता खड्डा. बाबांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या उस्तादाकडून एकदा ती राहिली होती. पुढे काय झालं ते बाबा सांगत नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. आपल्या लाल जंपरला ते घराची किल्ली बांधतात. तार काढल्याशिवाय किल्ली नाही, किल्लीशिवाय घर नाही. "माणूस सगळं विसरेल," ते मला लहानपणी मशीन रूममध्ये खांद्यावर बसवून सांगायचे, "पण संध्याकाळी घरी जायचं विसरत नाही." त्या खांद्यावरून मी लाकडी फळीवरची ती मोठी चाकं फिरताना बघायची, ग्रीसचा वास छातीत भरून घ्यायची आणि मला वाटायचं, सगळं शहर बाबाच वर-खाली करतात. बाबांनी आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. बेल वाजवणारा माणूस पाहुणा, असं म्हणायचे.

आणि काल संध्याकाळी बेल वाजली होती.

मी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले, आणि तिथे बसून मला मागच्या आठवड्यातलीही बेल आठवली. तेव्हा दार मीच उघडलं होतं. बाबा बाहेर उभे होते, हसत, पिशवी खांद्याला. म्हणाले, "किल्ली गेली कुठेतरी. तार जुनी झाली होती, टाकून दिली बहुतेक, तिच्याबरोबरच गेली असणार." मग त्यांनी आईची किल्ली मागून घेतली, नवी तार कापली, तिला ती बांधली, अगदी निगुतीने, दोन गाठी मारून. मी समोर बसून माझं बक्षिसाचं पदक पुसत होते आणि मान डोलावत होते. किल्ली तारेला का बांधतात हेच हा माणूस विसरलाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाठ हातांना आठवत होती, गाठीचं कारण गेलं होतं.

बाबा का विसरतात ते मला माहीत आहे. तेच तर. ह्याच विषयावर मी बोलले आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सहा-सात महिन्यांपूर्वी बाबांना कामावर चक्कर आली, डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, आणि मग आमच्यासमोर तो काळा कागद उजेडात धरून म्हणाले, "हे पांढरे ठिपके दिसतात ना, ह्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी. वयाच्या मानाने जरा जास्त आहेत. बीपी सांभाळा, सिगारेट बंद." आईने घरी येऊन तो फोटो कपाटामागे सरकवला. मी तो काढला, खिडकीच्या काचेला लावला आणि बघत राहिले. वडिलांच्या डोक्यात चांदणं पडलं होतं. मग मी वाचत सुटले. वाचनालयात, शाळेच्या संगणकावर, जीवशास्त्राच्या बाईंचं डोकं खात. आणि वाचता वाचता मला त्याची गोडीच लागली. की ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच आपल्याला आतून गंजवतो. पेशींमध्ये जळण जळतं तेव्हा काही ठिणग्या उडतात, प्राणवायूचे पिसाळलेले कण, आणि तरुण शरीर त्या विझवत राहतं. पण बीपी, धूर, साखर, वय ह्यांनी ठिणग्या वाढतात आणि विझवणारे हात थकतात. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर केसाहून नाजूक. तिला 'सैल हो' म्हणून सांगणारा एक वायू असतो, ह्या ठिणग्या त्यालाच गिळतात. मग वाहिनी आखडते. मेंदूचा एखादा भाग काम करायला लागला की तो रक्त मागवतो, अगदी बटण दाबून लिफ्ट बोलवावी तसं, असं मी भाषणात म्हटलं होतं आणि तिथे पहिली टाळी पडली होती. बटण दाबलंय, दिवा लागलाय, लिफ्ट येत नाही. दुसरं वाक्य मी मुद्दाम आवाज खाली आणून म्हटलं. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये एक दार असतं. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, ते ठरवणारं. ह्या गंजाने ते दार सैल होतं आणि आत जे येऊ नये ते येतं, थेंब थेंब, वर्षानुवर्षं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. माणूस हसतो, जेवतो, कामाला जातो. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी येताना म्हणाले, "बघ, माझ्या डोक्याला बक्षीस मिळालं." आम्ही तिघंही खूप हसलो. आई जरा कमी.

मशीन रूमला कुलूप नसतं, नुसती कडी. मी गच्चीवर गेले. आत अंधार होता आणि तोच वास, लहानपणीचा, फक्त आता तो छातीत भरून घ्यावासा वाटेना. बाबांचं पहिलं वाक्य मला पाठ होतं, आधी मेन, मग हात. मी मेन स्विच खाली ओढला. मोठी चाकं गप्प होती तरी आणखी गप्प झाल्यासारखी वाटली. पॅनेलचं झाकण उघडलं आणि ती समोरच होती, लाल, दोन्ही टोकं चिमट्यांत पकडून लोंबकळत होती, आणि मध्यावर किल्ली. कालपासून. दार उघडं असताना लिफ्ट वर जात होती, खाली जात होती, दूधवाला, पेपरवाला, दुसऱ्या मजल्यावरचं नुकतं चालायला लागलेलं बाळ, सगळ्यांना घेऊन, आणि आमच्या घराची किल्ली इथे अंधारात त्या धक्क्यांनी हलकेच डुलत होती. मी तार काढली. मग किल्लीकडे बघितलं. किल्लीच्या डोक्यावर आईने लावलेला नेलपॉलिशचा ठिपका होता. ही आईची. म्हणजे बाबांची स्वतःची किल्ली, झिजून पातळ झालेली, मागच्या आठवड्यात गेलेली, अजून कुठेतरी टांगलेली होती. दुसऱ्या कुठल्या तरी गच्चीवर, दुसऱ्या अंधारात.

घरात आई भाजी निवडत होती. मी तार आणि किल्ली तिच्यासमोर ठेवली. तिने विचारलं नाही हे काय म्हणून. ह्याचीच मला भीती वाटली. ती फक्त म्हणाली, "कुठे होती?" मी वर बोट दाखवलं. तिने हात पुसले, एक एक बोट, आणि म्हणाली, "बाबांना काही बोलू नकोस." "आई, दुसरी तार अजून कुठेतरी आहे." "मी बघते काय ते." "तू काय बघणार? तुला पॅनेलचं झाकण तरी उघडता येतं का?" "मला गॅस बंद करता येतो," आई म्हणाली. "दिवसातून चार वेळा, त्यांच्यामागे. नळ बंद करता येतो. पैसे चुकीचे दिले की दुकानदाराला परत जाऊन सांगता येतं. तू भाषणं दे." मला थप्पड बसल्यासारखं झालं. म्हणजे हे एवढं चाललं होतं, ह्याच घरात, आणि तज्ज्ञ मी. "तो माणूस लिफ्टशिवाय काय आहे सांग मला," आई हळू आवाजात म्हणाली. "उद्या घरी बसवलं तर महिन्याभरात भिंतीसारखा होईल. एवढं वाचलंस, हे नाही वाचलंस?" हेही वाचलं होतं. मेंदूला काम नसलं की तो आणखी लवकर विझतो, असं. पण दुसऱ्या मजल्यावरचं बाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि कुठल्यातरी दुसऱ्या इमारतीतही दुसरा मजला असणार होता.

बाबा दाढी करून बाहेर आले. गालाला साबण लागलेला, शीळ घालत. "काय वकीलबाई, आज कोणाविरुद्ध खटला?" तार बघून ते थांबले. घाबरले नाहीत. खुशीतच आले. "अरे, सापडली. कुठे होती?" मी म्हटलं, "आपल्याच लिफ्टच्या पॅनेलवर. लावलेली. बाबा, दार उघडं असताना मी त्यातून वर आले." त्यांचा चेहरा एकदम बदलला, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बोटं मोजल्यासारखं. मग म्हणाले, "शक्य नाही. मी काढली होती." "बाबा..." "अगं, काढली. मला दिसतंय ना. हा डावा हात झाकणावर, हा उजवा तारेवर, खट्, खट्, खिशात. आत्ता दिसतंय." आणि त्यांनी ते करून दाखवलं, हवेत, इतकं अचूक, की मलाही तार दिसली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच दिसत होतं. हजारो वेळा तार काढलेला हात होता तो. त्या हजारांतली कुठलीतरी एक आठवण उठून कालच्या जागेवर जाऊन बसली होती, आणि मधलं दार सैल झालेलं असल्यामुळे तिला कुणी अडवलं नव्हतं. समोर साबण लावलेला माझा बाप उभा होता, तोच, तसाच गमत्या, आणि तरी मला वाटलं की ह्या डोळ्यांच्या मागे कुणीतरी एका खोलीतला दिवा घालवून हलक्या पावलांनी पुढच्या खोलीकडे निघालंय.

मी फोन उचलला. आई म्हणाली, "ठेव तो." मी ठेवला नाही. बाबांचे भागीदार, ज्यांना बाबा शेठ म्हणतात कारण ते कामाला हात लावत नाहीत आणि नुसती बिलं करतात, त्यांना मी सगळं सांगितलं. मुद्देसूद. तार, किल्ली, दोनदा वाजलेली बेल, डोक्याचा फोटो. एकदाही अडखळले नाही. बोलताना माझंच मला ऐकू येत होतं की किती छान बोलतेय, आणि त्या छानपणाची शिसारी आली तरी आवाज तसाच चालला. पलीकडे शेठकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्पीकरवर टाक." आणि मग, "अरे, मागच्या आठवड्यात कुठे कुठे गेला होतास ते सांग बरं." बाबांकडे वही-बिही काही नाही. सगळं डोक्यात, हाच त्यांचा तोरा. ते खुर्चीत ताठ बसले आणि सांगायला लागले, घडाघडा, परीक्षेत यावं तसं. घड्याळवाली इमारत, मोटर गरम होत होती. दवाखान्याची, दोर बदलला. कोपऱ्यावरची निळी, बटणं. थिएटरच्या मागची, दाराचा कॉन्टॅक्ट साफ केला, चांगला तासभर लागला, वॉचमनने चहा पाजला. आई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर आशा होती, बघा, सगळं तर आठवतंय. शेठकाका म्हणाले, "थिएटरच्या मागची?" "हो, तीच." "पाडली ना रे ती. दोन वर्षं झाली." मी रोज शाळेत जाताना त्या जागेवरून जाते. तिथे गाड्या लावतात.

दाराचा कॉन्टॅक्ट साफ केला होता, म्हणजे तार लावली होती. तासभर लागला होता, चहा झाला होता, हे सगळं खरं होतं, फक्त कुठे, ते नव्हतं. शहरात कुठेतरी ते घडलं होतं आणि लोक त्यात बसून वर-खाली जात होते. शेठकाका म्हणाले, "अर्ध्या मी बघतो, अर्ध्या तू फिरव," आणि नंबर सांगत गेले. मी एकामागून एक फिरवत सुटले. लिफ्ट बंद करा, मेन बंद करा, हो, आत्ता, नाही, मी त्यांची मुलगी. कुणी विचारलं कशासाठी, कुणी म्हणालं मोठ्या माणसाला फोन दे. बाबा मला मधूनमधून दुरुस्त करत होते, "त्याला सांग, स्विच डावीकडे आहे," आणि ते बरोबर असायचं. शेवटी टपालकचेरीसमोरच्या इमारतीतल्या वॉचमनने फोन घेतला. मी सगळं सांगितलं. तो हसला. "लिफ्ट? ती तर मस्त झालीय. तुझे बाबा येऊन गेल्यापासून दाराची वाटच बघत नाही. पोरांना मजा येते." मग मी म्हटलं, "काका, आधी मेन बंद करा. मग बोला." त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपला जिन्यावर, मग काहीच नाही. मी ऐकत राहिले. लांबून पोरांचा गलका येत होता, एक दार आपटलं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली आणि त्या हाकेला उत्तर आलं नाही. आई माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. गलका थांबला. ही लिफ्ट थांबल्याची शांतता आहे की दुसऱ्या कशाची, हे फोनमधून कळत नाही. बाबा टेबलावरचा साबणाचा थेंब बोटाने पुसत होते.

चपला परत आल्या. धापा. "बंद केली. एक बाई अडकलीय मधोमध, शिव्या घालतेय, तुला ऐकू येत असतील. ओढून काढतो तिला. आणि ते वरचं झाकण उघडलं मी, लाल तार आहे बघ, किल्लीसकट." आई खाली बसली, जमिनीवरच, आणि रडावं तसं हसली. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं, सापडली, टपालकचेरीसमोर, कुणाला काही झालं नाही. मला वाटलं ते हुश्श करतील. त्यांनी माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं, शिकवताना बघायचे तसं.

"टपालकचेरीसमोर? तिथे मी वर्षभरात पाऊल टाकलेलं नाही."

"बाबा, किल्ली तुमची आहे."

"असेल. पण गेलो नाही. शेठने कुणीतरी नवा पोऱ्या ठेवलेला दिसतो, त्याने घातलाय हा घोळ. लोकांच्या जिवाशी खेळ आहे का हा?" ते उठले. त्यांच्या आवाजात राग होता, खरा, स्वच्छ, उस्तादाच्या गोष्टीपाशी येऊन थांबायचे तेव्हाचा. त्यांनी साबण पुसला, शर्ट चढवला, बटणं एकही न चुकता लावली, पिशवी खांद्याला अडकवली. "जाऊन बघतो. अशी माणसं लिफ्टच्या जवळपास असताच कामा नयेत." आईने तोंडावर पदर धरला. मी जाऊन दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"सरक बाळा," बाबा म्हणाले. "लोक खोळंबलेत."

मी सरकले नाही. त्यांनी माझा हात हळूच चौकटीवरून सोडवला, लहानपणी झोपेत मुठीत धरलेला त्यांचा अंगठा सोडवायचे तितक्या हळू. मी तो परत लावला. त्यांनी परत सोडवला. मी परत लावला.